निम्मा गहू, तरीही कोरडी: घरच्या सेझाँचं शास्त्र

गव्हाची बिअर म्हटलं की बहुतेकांना धुकट, मऊ आणि किंचित गोडसर बिअर आठवते. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींच्या फळ्यावर हेफेवाइझन आणि विटबिअर या गव्हाच्या बिअर हमखास असतात, त्यामुळे गहू म्हणजे गोडवा असं समीकरण मनात पक्कं बसलेलं असतं. बेल्जियमची शेतावरची बिअर, म्हणजे सेझाँ, भरपूर गहू घालून केली तर हे समीकरण मोडतं. ग्लासात ती तशीच धुकट दिसते, फेसही दाट असतो, पण घोट घेतला की गोडवा जवळपास नसतोच. मिऱ्याचा आणि संत्र्याच्या सालीचा भास होतो, आणि शेवटी जीभ कोरडी, स्वच्छ राहते. पाणचट मात्र ती अजिबात लागत नाही.

साखर संपलेली असताना बिअर भरीव कशी लागते? घरी सेझाँ करताना या एका प्रश्नाचं उत्तर डोक्यात ठेवलं, तर कृतीतली प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळत जातं. म्हणून या लेखात मी कृतीपेक्षा कारणांवर जास्त वेळ देणार आहे.

त्याआधी कायद्याचं. भारतात मद्य हा राज्यांचा विषय आहे, आणि महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. गोव्यातही मद्यनिर्मितीला परवाना लागतो. त्यामुळे हा लेख वाचून स्वयंपाकघरात उतरायचं असेल, तर ते जिथे कायद्याने चालतं तिथेच. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःसाठी बिअर बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायदा बदलला. तिथे एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बनवता येते. विकता मात्र येत नाही. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये त्यात सामील झाली. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हा छंद उघडपणे करता येतो. बाकीच्यांनी पुढच्या वेळी ग्लास हातात आल्यावर आत काय चाललंय ते ओळखण्यासाठी वाचावं.

सेझाँचं घर बेल्जियमचा फ्रेंचभाषक भाग, वालोनिया, आणि त्यातही मुख्यतः फ्रान्सच्या सीमेला लागून असलेला एनो प्रांत. थंडीत शेतीची कामं कमी असत, आणि हवा गार असल्यामुळे बिअर नासण्याची भीतीही कमी. तेव्हा बनवून ठेवलेली बिअर उन्हाळ्यात प्यायची, अशी ती रीत. तूर्प नावाच्या गावातली द्युपाँ ब्रुअरी १८४४ पासूनच्या शेतावरच्या ब्रुअरीतून वाढली. तिची साडेसहा टक्के अल्कोहोलची सेझाँ आज जगभर नमुना मानली जाते. त्या नमुन्याच्या बिअरमध्ये गव्हाचा भर नाही, ती फिकट बार्ली माल्टवर उभी आहे. पण शेतावरच्या बिअरला एकच एक धान्य कधीच नव्हतं. बार्ली, गहू, ओट, स्पेल्ट, जे घरात असेल ते पडायचं. त्याच प्रांतातली ब्लोझी ही छोटी ब्रुअरी आजही स्पेल्ट घालून सेझाँ करते. स्पेल्ट हा जुन्या वाणाचा गहू. मळणीनंतरही त्याचं टरफल दाण्याला चिकटून राहतं, आपल्या खपलीसारखंच. दोघं एक नव्हेत, पण घराणं तेच. म्हणजे निम्मा गहू घालून सेझाँ करणं ही आजची टूम नाही.

धान्य: कोण काय काम करतं

२० लिटर बिअरसाठी मी असं धान्य घेते: पिल्स्नर माल्ट (बार्लीचं फिकट माल्ट) सव्वादोन किलो, गव्हाचं माल्ट पावणेदोन किलो आणि न मोडवलेला कच्चा गहू अर्धा किलो. एकूण साडेचार किलो, त्यात गहू निम्मा.

माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवलेलं धान्य. नाचणीचं सत्त्व करताना आपण हेच करतो. दाण्याला मोड आला की साठवलेला स्टार्च तोडणारी एन्झाइम तयार होतात. मोडाच्या नाचणीची पेज पातळ होते आणि तान्ह्या बाळाला पचते ती त्यामुळेच. बिअरमध्ये हीच एन्झाइम गरम पाण्यात कामाला लावून स्टार्चची साखर करायची असते.

बार्लीला तूस असतं, गव्हाला नसतं. हा फरक छोटा वाटतो, पण निम्म्या अडचणी त्यातून येतात. धान्य गरम पाण्यात भिजवल्यावर खालून गोड पाणी काढायचं असतं, तेव्हा बार्लीची तुसं गाळणीचं काम करतात. गव्हाचं प्रमाण वाढलं की ही गाळणी विरळ होते. त्यात गव्हाची प्रथिनं: कणीक मळताना हाताला जो चिवट चिकटपणा लागतो, तोच इथे पातेल्यात तयार होतो आणि पाणी अडून बसतं. यावर उपाय दोन. जाळीचा तळ असलेलं भांडं वापरत असाल तर पाव किलो भाताची तुसं धुऊन धान्यात मिसळा. त्यांना चव नसते, फक्त वाट मोकळी राहते. किंवा सगळं धान्य मोठ्या कापडी पिशवीत घालून भिजवा आणि शेवटी पिशवीच वर उचला. घरच्या घरी करणाऱ्यांसाठी मला पिशवी अधिक आवडते. भांडं एकच लागतं आणि पाणी अडण्याचा प्रश्नच राहत नाही.

कच्च्या गव्हात स्टार्च तोडायला पुरेशी एन्झाइम नसतात, मग तो घालायचा कशाला? त्यातली प्रथिनं मोड येताना तुटलेली नसतात, म्हणून. फेस टिकतो तो त्यांच्यामुळे, धुकटपणाही बराचसा त्यांचाच. स्टार्च तोडायचं काम शेजारच्या माल्टमधली एन्झाइम करतात. ती दोघांना पुरून उरतात. गव्हाचा आणखी एक गुण: त्याचा स्टार्च साधारण ५२ ते ६४ अंश सेल्सिअसला फुलतो, म्हणजे एन्झाइम जिथे काम करतात त्याच तापमानाला. तांदूळ किंवा ज्वारी घातली असती तर ती आधी वेगळी शिजवावी लागली असती, कारण त्यांचा स्टार्च त्याहून जास्त तापमानाला फुलतो. परदेशात इंडियन ग्रोसरीत मिळणारा दलिया म्हणजे भरडलेला कच्चा गहूच, तो इथे सरळ चालतो. भाजलेला नाही ना, एवढं पाकिटावर पाहून घ्या. कणीक मात्र घालू नका. तिचा गोळा होऊन बसतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर. बिअरला भरीवपणा दोन गोष्टींतून येतो. एक, यीस्टला न खाता आलेल्या लांब साखळ्यांच्या साखरा. दोन, प्रथिनं आणि दाण्याच्या पेशीभिंतींतले चिकट पदार्थ. गव्हात अरॅबिनोझायलन नावाचा असा पदार्थ बराच असतो. बहुतेक बिअरमध्ये पहिल्या गोष्टीचा वाटा मोठा असतो, आणि तिच्यामागून गोडसर जडपणा येतो. सेझाँमध्ये पहिली गोष्ट जवळपास नाहीशी करायची आणि दुसरीवर बिअर उभी करायची. यीस्टने साखरेचा कण न कण संपवला तरी प्रथिनं आणि ते चिकट पदार्थ त्याला खाता येत नाहीत. गहू वाढवायचा तो एवढ्यासाठी.

भिजवण: ६४ अंशांचं महत्त्व

साधारण २८ लिटर पाणी आणि ४० लिटरचं पातेलं घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आधी ते घालवा. होमब्रूच्या दुकानात मिळणारी कॅम्पडेन गोळी पुरते. ही पायरी गाळू नका. या बिअरच्या यीस्टमधून येणारी फिनॉल, म्हणजे लवंग-मिरीसारखा वास देणारी संयुगं, आणि क्लोरीन एकत्र आली की दवाखान्यासारखा वास धरतो, आणि तो नंतर जात नाही.

पाणी ६७ अंशांपर्यंत तापवून त्यात भरडलेलं धान्य घातलं की मिश्रण ६४च्या आसपास येतं. तिथेच ते तास-दीड तास ठेवायचं. या भांड्यात दोन मुख्य एन्झाइम काम करतात. अल्फा अमायलेज स्टार्चची साखळी मधून कुठेही कापतं, त्यातून लांबट तुकडे उरतात. बीटा अमायलेज टोकापासून दोन-दोन मणी तोडत जातं, आणि ते दोन मणी म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाद्य. बीटा नाजूक आहे. ६८-७० अंशांच्या पुढे ते लवकर निकामी होतं आणि अल्फा एकटं उरतं, म्हणजे न खाता येणारे तुकडे जास्त. ६४ला दोघंही काम करतात. वेळ भरपूर दिला की बहुतेक सगळी साखर यीस्टच्या तोंडी जाईल अशी होते. कोरड्या बिअरचा पाया इथे पडतो, पुढे काही केलं तरी तो बदलायला फारसा वाव नाही. म्हणून साधा पण खात्रीचा थर्मामीटर घ्या, आणि भांड्याला जाड पांघरूण गुंडाळा.

हौस असेल तर त्याआधी ४४-४५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं थांबता येतं. त्या तापमानाला दाण्याच्या भिंतींतून फेरुलिक आम्ल सुटतं, आणि काही यीस्ट त्यापासून लवंगेच्या वासाचा पदार्थ बनवतात. लवंगेचा वास गव्हातून येतो असा समज फार पसरलेला आहे. कच्चा माल धान्य पुरवतं, पण वास घडवतं यीस्ट. यीस्टमध्ये तो गुण नसेल, तर तुम्ही कितीही वेळ ४५ अंशांवर थांबा, लवंग येणार नाही. पहिल्या खेपेला ही पायरी वगळली तरी चालेल.

पिशवी उचलून निथळली की उरतं ते गोड पाणी, वर्ट. ते दीड तास उकळायचं. पिल्स्नर माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा एक गंधकयुक्त पदार्थ येतो, तो वाफेबरोबर निघून जावा म्हणून एवढा वेळ, आणि त्यासाठी झाकण उघडंच ठेवायचं. शेवटचा एक तास उरला की पाच टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा या आम्लातून येतो) ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं, ४५ ग्रॅम, शेवटची दहा मिनिटं उरली की साझ जातीचे हॉप्स २५ ग्रॅम. कडवटपणा मध्यम, वास मातीचा आणि गवताचा. धणे, संत्र्याची साल, मिरी असं काहीही पहिल्या खेपेला घालू नये, असं मी आग्रहाने सांगेन. यीस्ट स्वतः काय देतं ते एकदा तरी उघडं, निर्भेळ चाखलं पाहिजे.

मग वर्ट लवकरात लवकर थंड करायचं. इथून पुढे त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी.

यीस्ट: या बिअरचं खरं घर

थंड वर्टमध्ये हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाचं जडपण मोजणारी तरंगती नळी, सोडला की साधारण १.०५० दाखवेल, म्हणजे हे पाणी साध्या पाण्यापेक्षा पाच टक्के जड आहे. ते जडपण साखरेचं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, तसा आकडा उतरत जातो. नेहमीची बिअर १.०१०-१.०१२च्या आसपास थांबते. सेझाँ १.००३ किंवा त्याखाली जाते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने क्वचित आकडा १.०००च्याही खाली दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. इथे ती सव्वासहाच्या आत-बाहेर येते.

सेझाँ इतकी खाली का जाते, यात प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर आहे. सेझाँची अनेक यीस्ट डायस्टॅटिकस या प्रकारातली असतात. त्यांच्यात एसटीए१ नावाचं जनुक असतं, आणि त्याच्या बळावर ती स्वतःचं एक एन्झाइम बाहेर सोडतात. इतर यीस्ट ज्या लांब साखळ्यांना तोंड लावू शकत नाहीत, त्या साखळ्या हे एन्झाइम तोडून त्यांचं ग्लुकोज करतं. भिजवणीत जे तुटायचं राहून गेलं, ते फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यात, तुटत राहतं. काम सावकाश चालतं, पण थांबत नाही.

नवशिक्यांनी बेल सेझाँसारखं कोरडं यीस्ट घ्यावं. एक ११ ग्रॅमचं पाकीट २० लिटरला पुरतं आणि ते हमखास तळ गाठतं. द्युपाँच्या वंशाचं मानलं जाणारं द्रवरूप यीस्ट चवीला अधिक खोल, पण लहरी. १.०३०-१.०३५ला येऊन ते कधी कधी मुक्काम ठोकतं, दोन-तीन आठवडे हलत नाही. त्याला ऊब हवी असते, ३० ते ३२ अंशांची. अनेक अनुभवी मंडळी पहिले काही दिवस एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) न लावता तोंडावर निर्जंतुक केलेली फॉइल सैल ठेवतात. वायूचा दाब साठू दिला नाही की हे यीस्ट अडत नाही, असा त्यांचा अनुभव.

तापमानाबद्दल दोन टोकाचे सल्ले ऐकू येतात. एकीकडे 'सेझाँ गरमच करायची', दुसरीकडे 'वीसच्या वर जाऊ नका'. दोन्हीत तथ्य आहे, फक्त दिवस वेगवेगळे आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्टची संख्या वाढत असते. तेव्हा फार उष्णता मिळाली तर घशाला जाळणारी, उग्र अल्कोहोलं तयार होतात. म्हणून सुरुवात २०-२२ अंशांवर करावी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तापमान चढू द्यावं, आधी २६, मग २८-३०. मिऱ्याचा आणि फळांचा वास सुरेख उतरतो आणि उरलेली साखरही संपते. वेगळं यंत्र नसलं तरी चालतं. फर्मेंटर आधी घराच्या गार कोपऱ्यात ठेवून नंतर उबदार खोलीत हलवला तरी भागतं.

बाटल्या: इथे घाई नको

डायस्टॅटिकसचा जो गुण बिअर कोरडी करतो, तोच बाटलीत धोकादायक ठरतो. समजा १.०१०ला बुडबुडे मंदावले, आपल्याला वाटलं झालं, आणि बाटल्या भरल्या. आत यीस्ट साखळ्या तोडत राहिलं आणि १.००३पर्यंत पोचलं, तर तेवढ्या साखरेचा वायू साध्या बाटलीला पेलत नाही. काच फुटते. हात, डोळे जायबंदी होतात. म्हणून एअरलॉकच्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नये, हायड्रोमीटरवर ठेवावा. निदान आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन आकडे तंतोतंत सारखे आणि १.००४च्या खाली असतील, तरच बाटली. तीन-चार आठवडे लागले तर लागू द्यावेत.

या बिअरला बुडबुडे भरपूर हवेत. साखर नसल्याने जिभेवर जी जागा मोकळी राहते ती ते भरतात, आणि गव्हाच्या प्रथिनांना फेस उभारायलाही वायू लागतोच. साध्या जाड बाटलीसाठी लिटरमागे ७ ग्रॅम साखर, त्याहून जास्त नाही. शॅम्पेनसारख्या भक्कम बाटल्या असतील तर ८ ते ९ ग्रॅम. साखर थोड्या पाण्यात उकळून, थंड करून सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळावी. बाटलीगणिक चमच्याने घालू नये, प्रमाण हुकतं. भरलेल्या बाटल्या खोक्यात, खोलीच्या तापमानाला तीन आठवडे, मग फ्रिजमध्ये.

या यीस्टला लागलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि तोट्या वेगळ्या ठेवा. प्लॅस्टिकवरच्या बारीक चऱ्यांमध्ये ते टिकून राहतं, आणि पुढच्या एखाद्या गोडसर स्टाउटमध्ये, म्हणजे काळ्या बिअरमध्ये, शिरून तिचीही साखर संपवतं.

उकाड्यात काय करायचं

टेक्सस किंवा दुबईसारख्या ठिकाणचे लोक विचारतात, वीस अंश आणायचे कुठून? दुबईत घरी बिअर बनवायला परवानगी नाही, तिथे हा प्रश्न संपला. टेक्ससवाल्यांसाठी नॉर्वेकडे पाहता येतं. पश्चिम नॉर्वेतल्या व्होस भागात शेतकऱ्यांनी क्वाइक नावाचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या जपलं. लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच वापरायचं. ते ३५ ते ४० अंशांवरही स्वच्छ काम करतं, दोन-चार दिवसांत मोकळं होतं. शेतावरचीच बिअर, गहूही तितकाच घालता येईल. पण ती सेझाँ नव्हे. बहुतेक क्वाइकमध्ये लवंग-मिरीचे फिनॉल बनवण्याचा गुण नाही, आणि लांब साखळ्या तोडण्याचा गुणही ते सहसा दाखवत नाही. मिळेल ती संत्र्याच्या वासाची, गव्हाने मऊ झालेली, थोडी भरीव बिअर. छान असते. फक्त कोरडेपणाची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

पहिली खेप जमली की दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट बदला, दोन नाही. मी निवड करायची झाली तर गव्हाचं माल्ट तेवढंच ठेवेन आणि कच्चा गहू काढून तिथे अर्धा किलो स्पेल्टचं माल्ट घालेन, यीस्ट आणि तापमान अगदी तेच ठेवून. दोन्ही बाटल्या शेजारी उघडल्या की फेसाची उंची, धुकटपणा आणि जिभेवरचं वजन यांत जो फरक दिसेल, तो जवळजवळ सगळा त्या अर्ध्या किलोचा असेल.